स्टेट स्ट्रीटवरचे शिकागो थिएटर आणि त्याचा शेजार

गुरुवार

शिकागोच्या ओहेअर विमानतळावरून निघालेली ब्लू लाइनची गाडी पाऊण तासात शहराच्या मध्यभागी, क्लार्क आणि लेक या रस्त्यांच्या नाक्याखाली आणून सोडते. जिना चढून वर आलो तेव्हा डोक्यावर पुन्हा रेल्वेच होती. लेक स्ट्रीटच्या वर लोखंडी खांबांवर उभारलेला उन्नत मार्ग आहे आणि त्याच्या सावलीत खालची वाहतूक चालते. लेक, वॉबॅश, व्हॅन ब्युरेन आणि वेल्स या चार रस्त्यांवरून फिरून स्वतःलाच येऊन मिळणारे हे रेल्वेचे कडे १८९७ साली पूर्ण झाले आणि त्याने वेढलेला मध्यवर्ती भाग आजही ‘लूप’ याच नावाने ओळखला जातो. शहराच्या चारी दिशांच्या उपनगरांतून येणारा माणूस या कड्यात उतरत असे. त्यामुळे दुकाने, कचेऱ्या, हॉटेले आणि नाट्यगृहे इथेच एकमेकांना खेटून उभी राहिली.

माझा थोरला भाऊ बरोबर होता. त्याने स्थापत्य अभियंता म्हणून सारी नोकरी पूल आणि इमारती यांच्यात काढलेली असल्यामुळे दादाला कोणतीही वास्तू दाखवली की तो आधी तिचा पाया विचारतो. मला मात्र नाटकाचे आणि सिनेमाचे वेड. एकाच सहलीत दोघांचेही समाधान व्हावे, म्हणून आम्ही शिकागो थिएटर आणि त्याच्यापासून पायी जाता येईल एवढाच परिसर पाहायचे ठरवले होते.

लेक स्ट्रीटने पूर्वेकडे दोन चौक चालले की स्टेट स्ट्रीट लागतो आणि डोके वर करताच तो सुप्रसिद्ध उभा फलक दिसतो. जवळजवळ सहा मजली उंचीच्या या फलकावर इंग्रजीतली ‘शिकागो’ ही अक्षरे एकाखाली एक लावलेली आहेत. त्याच्या खाली पदपथावर पुढे आलेले दिव्यांचे छत आहे आणि त्यावर त्या दिवशीच्या कार्यक्रमाचे नाव असते. हे छत १९९४ साली जुन्याच्याच धर्तीवर नव्याने केलेले आहे. त्यावरच्या ‘शिकागो’ या आडव्या अक्षरांमागे वर्तुळात वाय या इंग्रजी अक्षरासारखी एक आकृती दिसते. ती शहराची खूण आहे. शिकागो नदीच्या उत्तर आणि दक्षिण शाखा एकत्र येऊन मूळ प्रवाह होतो, त्या संगमाचे ते चित्र आहे. ही खूण एकदा ओळखू आली, की पुलांच्या कठड्यांवर आणि सरकारी इमारतींच्या दर्शनी भिंतींवरही ती सापडू लागते.

थिएटरचा पत्ता १७५ नॉर्थ स्टेट स्ट्रीट असा आहे. शिकागोतले घरक्रमांक १९०९ पासून स्टेट आणि मॅडिसन या रस्त्यांच्या चौकापासून मोजले जातात आणि एका मैलाला सामान्यतः आठशे क्रमांक धरतात. त्यामुळे १७५ या आकड्यावरूनच कळते, की ही इमारत शहराच्या शून्य बिंदूपासून मैलाच्या पावभागाहूनही कमी अंतरावर आहे.

अंधार पडेपर्यंत आम्ही थिएटरच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यावरच रेंगाळलो. तिथे पेज ब्रदर्स बिल्डिंग नावाची एक तुलनेने बुटकी इमारत आहे आणि थिएटर तिला मागून वेढा घालून बसले आहे. ही इमारत १८७२ सालची. ऑक्टोबर १८७१ मध्ये लागलेल्या प्रचंड आगीत शिकागोचे मध्यवर्ती शहर जळून गेले, सुमारे तीनशे माणसे दगावली आणि एक लाखाच्या आसपास लोक बेघर झाले. त्याच्या पुढच्याच वर्षी ही इमारत उभी राहिली. तिची लेक स्ट्रीटकडची बाजू ओतीव लोखंडाची आहे. अशा लोखंडी दर्शनी भिंती त्या काळी व्यापारी पेठांत सर्रास दिसत, पण लूपमध्ये आता त्या जवळजवळ उरलेल्या नाहीत. दादाने खांबावर बोटाची पेरे आपटून आवाज ऐकला आणि मगच त्याचा विश्वास बसला. लोखंड लेक स्ट्रीटच्याच बाजूला का, याचे उत्तर पेठेच्या इतिहासात आहे. एकेकाळी मुख्य बाजार लेक स्ट्रीटवर भरत असे. पॉटर पामर या व्यापाऱ्याने १८६०च्या दशकाच्या अखेरीस स्टेट स्ट्रीटवरच्या जागा घेऊन बाजाराचे तोंड तिकडे फिरवले. पन्नासेक वर्षांनी थिएटर आले तेव्हा त्याचे दार कोणत्या रस्त्यावर उघडायचे, हा प्रश्न उरलेलाच नव्हता.

शुक्रवार

थिएटरच्या आतील भाग दाखवणारी फेरी दुपारी होती, म्हणून सकाळ दर्शनी भिंतीसाठी राखून ठेवली. रस्त्याच्या पलीकडून पाहिले तर ही भिंत फिकट संगमरवराची वाटते. पॅरिसमधल्या विजयकमानीची सहा मजली उंचीची ही लहान प्रतिकृतीच आहे. जवळ गेल्यावर दर दोन-तीन फुटांवर सांधे दिसू लागतात आणि हे दगडाचे काम नसून साच्यात घडवून, भाजून, चकाकी दिलेल्या टेराकोटाचे आहे हे कळते. त्या चकाकीवर केसाइतक्या बारीक रेषांचे जाळे पडलेले आहे. बोट फिरवले तर ते हाताला लागत नाही, पण उन्हात तिरके पाहिले की स्पष्ट दिसते. हे सामान नॉर्थवेस्टर्न टेराकोटा या शिकागोतल्याच कंपनीने पुरवले. आगीनंतरच्या शहराला न जळणारे, वजनाला हलके आणि पोलादी सांगाड्यावर टांगता येईल असे आवरण हवे होते. भाजलेल्या मातीने ती गरज भागवली आणि वर नक्षीही स्वस्तात दिली, कारण एक साचा केला की त्यातून हवे तितके नग काढता येत. नदीच्या पलीकडे गेल्यास दिसणारी पांढरीशुभ्र रिग्ली इमारतही याच सुमाराची आणि याच कंपनीच्या टेराकोटाची आहे.

कमानीच्या मधोमध रंगीत काचांची मोठी खिडकी आहे. तिच्यात बॅलबन आणि कॅट्झ या मूळ मालकांच्या कंपनीचे मानचिन्ह आहे. दोन घोडे आहेत आणि त्यांच्या तोंडात फिती धरलेल्या आहेत. नीट पाहिल्यावर लक्षात येते, की त्या फिती म्हणजे सिनेमाच्या पस्तीस मिलिमीटरच्या रिळाच्या पट्ट्या आहेत. राजघराण्याच्या मानचिन्हाची नक्कल करताना आपला धंदा न लपवण्याचा हा मोकळेपणा मला फार आवडला.

बार्नी बॅलबन आणि त्याचे भाऊ हे शिकागोतल्या एका किराणा दुकानदाराचे मुलगे. बार्नीने शीतगृहाच्या एका कंपनीत काही काळ नोकरी केली होती. शिकागो हे मांस साठवणाऱ्या आणि डबाबंद करणाऱ्या उद्योगाचे केंद्र असल्यामुळे मोठ्या जागा थंड ठेवण्याचे तंत्र या शहराला चांगले अवगत होते. बॅलबन आणि कॅट्झ यांनी १९१७ साली आपल्या सेंट्रल पार्क चित्रगृहात यंत्राने थंड केलेली हवा सोडली आणि इतर चित्रगृहे उकाड्यामुळे ओस पडत तेव्हाही त्यांच्याकडे रांगा लागू लागल्या. उन्हाळ्यातल्या जाहिरातींत ते सिनेमाइतकाच थंडाव्याचाही डांगोरा पिटत. पुढे बार्नी पॅरामाउंट या चित्रपट कंपनीचा अध्यक्ष झाला. मला वाटते, हा माणूस सिनेमा विकत होता असे म्हणण्यापेक्षा तो सिनेमागृहात घालवलेले दोन-तीन तास विकत होता, असे म्हणणे अधिक बरोबर ठरेल.

फेरीला आम्ही दहा-बाराजण होतो. वाट दाखवणाऱ्या बाईंनी आरंभीच सांगितले, की इमारतीत कुठेही उभे राहा, पण पहिली काही मिनिटे फक्त वर पाहा. आतले दालन पाच मजली उंचीचे आहे आणि व्हर्सायच्या राजप्रासादातल्या चॅपलवरून ते बेतले आहे. समोरचा भव्य जिना पॅरिसच्या ऑपेरागृहातल्या जिन्याच्या धर्तीचा आहे. स्फटिकांची झुंबरे, काशाच्या दिवट्या, मखमली पडदे, सज्जांचे कठडे हे सारे एकाच नजरेत मावत नाही. वास्तुरचनाकार कॉर्नेलियस रॅप आणि जॉर्ज रॅप हे दोघे भाऊ. चाळीस लाख डॉलर खर्चून बांधलेली ही वास्तू २६ ऑक्टोबर १९२१ रोजी उघडली तेव्हा मालकांनी तिची जाहिरात ‘जगातले अद्भुत थिएटर’ अशी केली होती.

उद्घाटनाच्या दिवशी दुपारी एकपर्यंत पंचवीस सेंट, त्यानंतर पस्तीस सेंट आणि संध्याकाळी सहानंतर पन्नास सेंट असे तिकीट होते. सव्वाशे गणवेशधारी द्वारपाल प्रेक्षकांना जागा दाखवत होते. नॉर्मा टालमेज नायिका असलेला मूकपट, त्याच्या जोडीला पन्नास वादकांचा वाद्यवृंद आणि जेसी क्रॉफर्डचे ऑर्गनवादन असा तो कार्यक्रम होता. कवी म्हणून गाजलेला कार्ल सँडबर्ग तेव्हा शिकागोच्या एका दैनिकात लिहीत असे. गर्दी आवरायला घोडेस्वार पोलीस बोलवावे लागले, अशी नोंद त्याने केली आहे.

हे दरपत्रक आणि हा जिना एकत्र ठेवून पाहिले, की वास्तूचा हेतू उलगडतो. युरोपातल्या ऑपेरागृहांत असा जिना श्रीमंतांनी एकमेकांना दिसावे म्हणून असे, आणि स्वस्त तिकिटाच्या प्रेक्षकाला बाजूच्या अरुंद वाटेने माडीवर पाठवले जाई. इथे मात्र पंचवीस सेंट देणारी दुकानातली मुलगीही याच दारातून आत येऊन याच जिन्याने वर जात होती. दालन एवढे मोठे ठेवण्यामागे व्यवहारही होता. खेळ एकामागून एक चालू असत, आणि आतल्या साडेतीन हजारांहून अधिक प्रेक्षकांची उठण्याची वेळ होईपर्यंत पुढच्या खेळाच्या गर्दीला कुठेतरी थांबवणे भाग होते. थांबणाऱ्याला आपण ताटकळलो आहोत असे वाटू नये, म्हणून छत, आरसे आणि झुंबरे कामाला लावली होती. पडदे आणि सामान मार्शल फील्ड या बड्या दुकानाने पुरवले होते, म्हणजे रँडॉल्फ स्ट्रीट ओलांडून पलीकडून आणले होते.

प्रेक्षागृहात गेल्यावर दादा पहिल्यांदा गप्प झाला. सात मजली उंचीच्या या जागेत मधे एकही खांब नाही. बाल्कनीची प्रचंड पट्टी खालच्या आसनांवर तरंगल्यासारखी पुढे आलेली आहे आणि तिचे वजन आत दडवलेल्या पोलादी तुळयांनी पेलले आहे. मूळ आसने ३,८८० होती. आता ती ३,६००च्या आसपास आहेत. भिंतींवर आणि छताखाली ग्रीक-रोमन देवदेवतांची चित्रे आहेत. ती लुई ग्रेल या चित्रकाराने १९३३ साली, शिकागोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने झालेल्या नूतनीकरणात रंगवली. रंगमंचाच्या कडेला वुर्लिट्झर कंपनीचा ऑर्गन आहे. त्याला एकावर एक चार स्वरपट्ट्या आहेत आणि नळ्यांचे एकोणतीस संच भिंतींमागच्या कोठड्यांत लपवलेले आहेत. मूकपटाच्या काळात वाद्यवृंद विश्रांती घेत असताना एकटा वादक याच्यावर पाऊस, आगगाडी, घोड्यांच्या टापा असे सारे आवाज काढू शकत असे.

मग बाईंनी आम्हाला विंगेतून मागे नेले. पडद्यामागच्या साध्या विटांच्या भिंती इथे येऊन गेलेल्या कलावंतांच्या सह्यांनी भरून गेल्या आहेत. कुणी मार्करने लिहिले आहे, कुणी रंगाने चित्र काढले आहे, काही सह्या एवढ्या उंचावर आहेत की शिडीशिवाय तिथे हात पोहोचला नसता. पुढच्या सोनेरी नक्षीपेक्षा हा भाग मला जास्त जिवंत वाटला. दोरखंड, दिव्यांचे खांब, चाकांच्या पेट्या आणि फरशीवर चिकटपट्टीने केलेल्या खुणा पाहिल्या की नाटकवाल्याला जगात कुठेही परके वाटत नाही.

दूरचित्रवाणी आली, लोक उपनगरांत राहायला गेले, तिथेच नवी चित्रगृहे निघाली आणि सत्तरच्या दशकात या थिएटरचे दिवस फिरले. १९ सप्टेंबर १९८५ रोजी ते बंद झाले. त्याआधीच, जानेवारी १९८३ मध्ये, शहराने या वास्तूला संरक्षित स्थळाचा दर्जा दिलेला असल्यामुळे जागा मोकळी करून तिथे मनोरा बांधणे मालकांना सोपे राहिले नव्हते. जतनासाठी एकत्र आलेल्या एका गटाने १९८६ साली थिएटर आणि शेजारची पेज ब्रदर्स इमारत मिळून १ कोटी १५ लाख डॉलरला विकत घेतली. थिएटरच्या डागडुजीवर आणखी ४३ लाख डॉलर खर्च झाले आणि १० सप्टेंबर १९८६ रोजी फ्रँक सिनात्राच्या गाण्याने ते पुन्हा सुरू झाले. बाहेर पडताना दादाने विचारले, “पण १९८३ मध्ये शहराला हे सुचलं कसं? तोपर्यंत तर सगळे पाडतच होते ना?” त्याचे उत्तर दुसऱ्या दिवसाच्या फेरीत होते.

शनिवार

थिएटरच्या दारातून स्टेट स्ट्रीट ओलांडला की जवळजवळ समोरच कूच प्लेस नावाचे बोळ सुरू होते. मागच्या दारांचे, कचऱ्याच्या पेट्यांचे आणि सामान उतरवणाऱ्या ट्रकांचे हे बोळ पर्यटकाने मुद्दाम पाहावे असे दिसायला काही नाही. याच्या दक्षिणेला आज नीडरलँडर थिएटर आहे. १९२६ साली ओरिएंटल या नावाने उघडलेले हे थिएटरही रॅप बंधूंचेच. पण त्याआधी याच जागेवर इरॉक्वॉय नावाचे नाट्यगृह होते.

ते नोव्हेंबर १९०३ मध्ये सुरू झाले तेव्हा ते आगीपासून पूर्णपणे सुरक्षित असल्याची जाहिरात करण्यात आली होती. नाताळच्या सुट्टीत, ३० डिसेंबरच्या दुपारच्या खेळाला, ते तुडुंब भरलेले होते आणि प्रेक्षकांत बहुसंख्य स्त्रिया आणि मुले होती. रंगमंचावरच्या आर्क दिव्याची ठिणगी एका कापडी झालरीवर पडली. आग अडवण्यासाठी असलेला ॲस्बेस्टॉसचा पडदा खाली येताना मधेच अडकला. रंगमंचावरचा धूर बाहेर सोडणारी छतातली झाकणे उघडलीच नाहीत. नट आणि कामगार जीव वाचवायला मागचे दार उघडून बाहेर पडू लागले तेव्हा आत घुसलेल्या थंड हवेने आगीचा लोळ थेट प्रेक्षागृहात ढकलला. बाहेर जाण्याची कित्येक दारे पडद्यांमागे झाकलेली होती, काहींना कुलपे होती, काहींच्या कड्या कशा उघडायच्या हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि काही दारे आतल्या बाजूला उघडणारी असल्यामुळे रेटणाऱ्या गर्दीनेच ती बंद ठेवली. या बोळात उघडणाऱ्या वरच्या दारांबाहेरचे जिने अपुरे होते; पलीकडच्या इमारतीतल्या लोकांनी शिड्या आणि फळ्या टाकून जमेल तेवढ्यांना वाचवले. एकूण ६०२ माणसे मृत्युमुखी पडली. अमेरिकेतल्या एका इमारतीच्या आगीत इतके बळी त्यानंतर कधीही गेलेले नाहीत.

दारे बाहेरच्या बाजूला उघडली पाहिजेत, बाहेर जाण्याच्या वाटांवर ठळक खुणा असल्या पाहिजेत, अग्निरोधक पडदा खरोखर चालतो का ते तपासले पाहिजे, हे नियम या घटनेनंतर शहरोशहरी कडक झाले. कार्ल प्रिन्झलर नावाच्या गृहस्थाला त्या दिवशी इरॉक्वॉयला जायचे होते, पण कामामुळे ते राहून गेले. त्याने हेन्री ड्यूपाँट या अभियंत्याच्या साहाय्याने नुसते अंग टेकताच उघडणारा आडवा दांडा तयार करवून घेतला आणि तो १९०८ पासून विक्रीला आला. आज सिनेमागृहाच्या, शाळेच्या आणि इस्पितळाच्या दारांवर असतो तोच हा दांडा. शिकागो थिएटर या दुर्घटनेनंतर अठरा वर्षांनी उभे राहिले. आदल्या दिवशी त्याच्या बाजूच्या भिंतींत मोजून घ्यावीशी वाटावी इतकी दारे मी पाहिली होती; ती तिथे का आहेत, हे या बोळात उभे राहिल्यावर कळते. आगीत इमारतीचा सांगाडा मात्र टिकला. वर्षभरातच ती दुसऱ्या नावाने पुन्हा चालू झाली आणि १९२५ साली पाडली गेली.

रँडॉल्फ स्ट्रीटवरून आणखी पश्चिमेला, ६४ क्रमांकाच्या जागी, गॅरिक थिएटर होते. १८९२ सालची ही उंच इमारत डँकमार ॲडलर आणि लुई सलिव्हन या जोडीची होती आणि जाणकार तिला त्यांच्या उत्तम कामांत मोजतात. १९६० साली ती पाडून मोटारी ठेवण्याचा तळ बांधण्यासाठी परवानगी मागितली गेली. ती मागणारी कंपनी होती बॅलबन आणि कॅट्झ! ज्या नावाने स्टेट स्ट्रीटवर राजवाडा बांधला, त्याच नावाच्या कंपनीला पाच-सहा मिनिटांच्या अंतरावरचा हा ठेवा मोटारींपुढे नकोसा झाला होता. छायाचित्रकार रिचर्ड निकल आणि त्याचे सहकारी निदर्शनांचे फलक घेऊन रस्त्यावर उभे राहिले. महापालिकेने काही काळ परवानगी अडवली, पण केवळ सौंदर्य आणि इतिहास यांच्या आधारे मालकाला अडवता येईल असा कायदाच नव्हता. न्यायालयात शहर हरले आणि १९६१ मध्ये गॅरिक जमीनदोस्त झाले. निकलने वाचवलेल्या नक्षीच्या काही तुकड्यांनी आज उत्तरेकडच्या वेल्स स्ट्रीटवर सेकंड सिटी या विनोदी नाट्यसंस्थेची दर्शनी भिंत सजवली आहे. गॅरिकच्या पराभवाने उठलेली हळहळ १९६८ च्या स्थळसंरक्षणाच्या कायद्यापर्यंत पोहोचली, आणि त्याच कायद्याच्या बळावर १९८३ साली शिकागो थिएटर वाचले. दादाला मी हे सांगितले तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे तुझं थिएटर शेजाऱ्यांच्या पुण्याईवर उभं आहे.” माझ्या मते तो अगदी बरोबर बोलला.

दुपारनंतरचा वेळ हलका होता. डेली प्लाझातले पिकासोचे पन्नास फुटी पोलादी शिल्प पाहिले. १९६७ सालच्या या कामाचे मानधन पिकासोने नाकारले होते. शिल्पाच्या उतरत्या पायथ्यावरून मुले घसरगुंडी करत होती. त्यानंतर मार्शल फील्डच्या इमारतीत शिरलो. आता ते दुकान मेसीज या नावाने चालते, पण कोपऱ्यावरची हिरवट पडलेली काशाची घड्याळे जुनीच आहेत. वॉशिंग्टन स्ट्रीटच्या कोपऱ्यावरचे घड्याळ १८९७ सालचे. आत टिफनी कंपनीने १९०७ साली केलेले काचेच्या तुकड्यांचे छत आहे. ते सहा हजार चौरस फुटांचे असून त्यात सोळा लाख तुकडे असल्याचे सांगतात. खाली सौंदर्यप्रसाधने विकणाऱ्या मुलींपैकी कुणीही वर पाहत नव्हते, हे ओघानेच आले.

चौकाच्या पलीकडे १८९५ सालची रिलायन्स इमारत आहे. तिच्या पुढच्या भिंतीत भिंत जवळपास नाहीच. मोठाल्या काचा आणि त्यांच्यामधून जाणाऱ्या पांढऱ्या टेराकोटाच्या अरुंद पट्ट्या एवढेच दिसते. आता तिथे हॉटेल आहे. काचेच्या आजच्या उंच इमारतींचे मूळ कुठे आहे असे कुणी विचारले, तर दादा यापुढे या इमारतीचे नाव सांगणार आहे.

संध्याकाळी मिशिगन ॲव्हेन्यूवरचे सांस्कृतिक केंद्र पाहिले. १८९७ साली शहराचे मुख्य सार्वजनिक ग्रंथालय म्हणून बांधलेल्या या वास्तूत प्रवेशशुल्क नाही. पांढऱ्या संगमरवरी जिन्यांत काच, शिंपले आणि रंगीत दगड यांच्या जडावाने लेखकांची नावे आणि अनेक भाषांतली वचने कोरली आहेत. वरच्या दालनात टिफनीचाच अडतीस फूट व्यासाचा घुमट आहे. सुमारे तीस हजार काचांचा हा घुमट २००८ मध्ये साफ आणि दुरुस्त करण्यात आला. पुस्तके इथून हलली तेव्हा हीही इमारत पाडावी असे बोलले जात होते.

रविवार

सकाळी आर्ट इन्स्टिट्यूट हे कलासंग्रहालय उघडण्याआधीच त्याच्या दारातल्या काशाच्या दोन सिंहांपाशी पोहोचलो. १८९३ साली ही वास्तू तयार होत असताना, संग्रहालय सुरू होण्यापूर्वी, जागतिक प्रदर्शनाशी जोडलेल्या परिषदा इथे भरल्या. ११ सप्टेंबर १८९३ रोजी सर्वधर्म परिषदेत स्वामी विवेकानंदांचे पहिले भाषण झाले ते याच इमारतीत, त्या वेळच्या तात्पुरत्या सभागृहात. जैन धर्माच्या वतीने वीरचंद गांधी आणि मुंबईच्या ब्राह्मो समाजाच्या वतीने बी. बी. नगरकर हेही त्या परिषदेत बोलले होते; नगरकरांचे नाव आपल्याकडे फारसे कुणी घेत नाही. मुंबईचे चित्रकार जितिश कल्लाट यांनी २०१० साली विवेकानंदांच्या त्या भाषणाचे शब्द इथल्या भव्य जिन्याच्या पायऱ्यांच्या उभ्या बाजूंवर दिव्यांनी उमटवले होते. त्यासाठी त्यांनी अमेरिकी सरकारच्या दहशतवादाच्या इशाऱ्यांचे पाच रंग वापरले. आम्ही गेलो तेव्हा अर्थातच त्या पायऱ्या कोऱ्या होत्या.

चित्रांची दालने आम्ही भराभर उरकली, कारण मला जुन्या शेअर बाजाराचे सभागृह पाहायचे होते. ॲडलर आणि सलिव्हन यांची ती इमारत १९६८ चा कायदा असतानाही वाचली नाही. नगर परिषदेने तिला संरक्षण नाकारले आणि १९७२ मध्ये ती पाडली गेली. नक्षीचे अवशेष गोळा करायला अर्धवट पाडलेल्या त्या इमारतीत शिरलेला रिचर्ड निकल ढिगाऱ्याखाली सापडून मरण पावला. सौदे होत असलेले ते सभागृह संग्रहालयाने १९७७ मध्ये सुट्या भागांतून पुन्हा उभे केले. हिरव्या, सोनेरी आणि तांबूस रंगांच्या ठशांची पट्टी छताखालून फिरत जाते, आणि खोलीत आवाज नाही. दादाने इथे फोटो काढले नाहीत.

तिथून दक्षिणेला थोडे चालले की ऑडिटोरियम इमारत येते. जमिनींचे व्यवहार पाहणाऱ्या घराण्यांच्या शहरात ऑपेरा सामान्य माणसाला परवडावा, असा आग्रह फर्डिनंड पेक या धनिकाने १८८६ च्या हेमार्केट प्रकरणानंतर, म्हणजे कामगारांच्या सभेत झालेल्या बॉम्बस्फोटानंतर, धरला. नाट्यगृह स्वतःचा खर्च भागवू शकणार नाही हे ओळखून त्याने ते हॉटेल आणि कचेऱ्यांच्या पोटात बसवले. ९ डिसेंबर १८८९ रोजी राष्ट्राध्यक्ष हॅरिसन यांच्या उपस्थितीत उद्घाटन झाले आणि ॲडेलिना पॅटी ही गायिका त्या रात्री गायली. आराखड्यांवर काम करणाऱ्या तरुणांत पुढे वास्तुरचनाकार म्हणून गाजलेला फ्रँक लॉइड राइट होता. दगडी भिंतींचे हे अजस्र वजन मऊ चिखलमातीवर तराफ्यासारख्या पायावर टेकवले आहे. तो पाया असमान खचला, काही ठिकाणी दोन फुटांहूनही अधिक. खालच्या दालनातली फरशी उतरती झालेली चालताना पायांना कळते. दादाने खिशातली गोळी जमिनीवर ठेवली आणि ती आपोआप घरंगळत गेली, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मी कोणत्याच कलाकृतीपुढे पाहिला नव्हता.

आत मात्र मी जिंकलो. एकामागून एक उघडत जाणाऱ्या लंबवर्तुळाकार कमानी, त्यांच्या कडांना लावलेले उघडे दिवे आणि सोनेरी नक्षी यांत कुठेही युरोपातल्या राजवाड्याची नक्कल नाही. श्रीमंतांच्या खासगी कक्षांना बाजूला, रंगमंच नीट दिसणार नाही अशा ठिकाणी टाकले आहे आणि चांगली जागा सामान्य आसनांना दिली आहे. १९४१ मध्ये हे नाट्यगृह बंद पडले. युद्धकाळात सैनिकांच्या करमणुकीसाठी रंगमंचावर बोलिंगच्या पट्ट्या टाकल्या होत्या. त्याआधी इमारत पाडण्याचा विचार झाला, तेव्हा पाडण्याचा खर्च जागेच्या किमतीहून अधिक निघाला म्हणून ती उरली. १९४६ मध्ये रूझवेल्ट महाविद्यालयाने ती घेतली आणि १९६७ मध्ये नाट्यगृह पुन्हा उघडले.

ध्वनी आणि वास्तुकला यांसाठी एकच नाट्यगृह पाहायचे असेल तर मी ऑडिटोरियम सुचवीन. पण गर्दीला मान देण्याचा धंदा कसा चालतो हे पाहायचे असेल तर शिकागो थिएटरला पर्याय नाही, आणि तिथे जाण्याआधी कूच प्लेसचे बोळ जरूर चालावे. दोन्ही ठिकाणच्या फेऱ्या कार्यक्रमांच्या वेळापत्रकानुसार बदलतात, म्हणून दिवस आधी पक्के करून मगच मुक्काम ठरवावा.